परटाची इच्छा, राजाचा फोड आणि माझी गाडी

आजारी माणसाला उपदेश करण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नसेल. तो बिचारा पडलेला असतो, उठून जाऊ शकत नाही. समोरचा फळांची पिशवी घेऊन आलेला असतो, त्यामुळे उलट उत्तर देणंही बरं दिसत नाही. ही संधी साधून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रवचन झोडलं जातं : बघ, देह नाशवंत आहे. आता तरी हौसमौज सोड. वासना आवर. आणि गोव्यातल्या दत्तभक्त घरांत या प्रवचनाला हमखास दाखला दिला जातो तो गुरुचरित्रातल्या बिदरच्या राजाचा. एवढं राज्य, एवढं वैभव, पण मांडीवर एक फोड उठला आणि सगळं फुकट गेलं!

मला या प्रवचनाविरुद्ध बोलायचं आहेच, पण त्याहून जास्त त्या कथेच्या गैरवापराविरुद्ध बोलायचं आहे. कारण पोथी जे सांगते ते याच्या जवळजवळ उलट आहे.

माझा यात संबंध काय ते आधी सांगून टाकतो. मी सरकारी कारकून, वय ४६. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, बायपास ठरली आहे. आणि माझ्याकडे एक स्पोर्ट्‌स कार आहे. नाव सॅन स्टॉर्म. ऐकलं नसेल तर नवल नाही, रस्त्यावर आता फारशा दिसत नाहीत. मी बी.ए.ला होतो त्या सुमारास, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, सॅन मोटर्स या भारतीय कंपनीने ती बाजारात आणली. दोनच माणसांची, वरचं छप्पर उघडणारी, फायबरग्लासच्या अंगाची. इंजिन रेनॉचं, १.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. फेरारीवाले हसतील. हसू देत. मासिकात तिचं चित्र पाहिलं तेव्हापासून ती मला हवी होती. काही वर्षांपूर्वी एकाने विकायला काढली, मी सोसायटीचं कर्ज काढलं आणि घेतली. कर्ज फिटलंय.

ऑपरेशनची बातमी फुटल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या छातीकडे बघतो आणि मग अंगणातल्या गाडीकडे. मावशी म्हणाली, "आतां कित्याक रे तुका ती गाडी? विकून उडय." ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्यांनी तर बिदरच्या राजाची अख्खी गोष्ट ऐकवली. गंमत म्हणजे खर्चाचा मुद्दा कुणीच काढत नाही. सरकारी नोकराला वैद्यकीय खर्चाची भरपाई मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे गाडी विकायची ती पैशांसाठी नव्हे, शुद्धीसाठी! जणू तपासणीत माझ्या रक्तवाहिन्यांत चरबीऐवजी हौस सापडली आहे.

आता पोथीकडे येऊ.

गुरुचरित्राचा नववा अध्याय काढा. कुरवपूरला कृष्णेच्या काठी श्रीपाद श्रीवल्लभ राहतात. एक गरीब परीट रोज नदीवर कपडे धुतो आणि रोज त्यांना दंडवत घालतो. एके दिवशी एक यवन राजा नदीवर जलक्रीडेला येतो. सोबत स्त्रिया, दागिने, हत्ती-घोडे, सैन्य. परीट बघतच राहतो, इतका की नमस्काराचंही भान राहत नाही. गुरू त्याला जवळ बोलावून विचारतात, मनात काय आलं? तो आधी खरं ते सांगतो. मग सावरून म्हणतो की मला काही नको, तुमची सेवा पुरे.

इथे आपले उपदेशक असते तर म्हणाले असते, शाबास, जिंकलास! श्रीपाद श्रीवल्लभ तसं म्हणत नाहीत. त्यांना दिसतं की या माणसाने जन्मभर कष्ट केले आहेत आणि आत इच्छा शिल्लक आहे. ते म्हणतात, ती भोगून घे, नाहीतर पुढे मोक्षाच्या वाटेत तीच आडवी येईल. वर विचारतात, याच जन्मी हवं की पुढच्या? परीट म्हणतो, आता म्हातारा झालो, भोगायचं तर तरुणपणी भोगावं. किती व्यवहारी उत्तर! आणि गुरू त्याला बिदरचं राज्य देतात. वर शब्द देतात की शेवटी मी तुला भेटेन.

हा राज्यभोगाचा जन्म पोथी 'म्लेंच्छ' कुळात टाकते. ती त्या काळाची आणि लिहिणाऱ्याच्या वर्णाची दृष्टी झाली, ती मी आज डोक्यावर घेणार नाही. पण मुख्य गोष्ट नजरेआड करू नका. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे बडवणाऱ्या माणसाला राजाचा थाट हवासा वाटला, आणि पोथीतल्या गुरूंनी त्याला 'आपली पायरी ओळख' असं म्हटलं नाही.

मग थेट पन्नासावा अध्याय. परीट आता बिदरचा राजा आहे, पोथीच्या भाषेत वैदुरानगरीचा. दानधर्म करणारा, सर्व धर्मांना मान देणारा. त्याच्या मांडीवर फोड उठतो, औषधांनी बरा होत नाही. लोक त्याला पापविनाशी तीर्थावर जायला सांगतात. हे पापनाश आजही बिदर शहराला लागून आहे. तिथून तो भीमा-अमरजेच्या संगमावर, गाणगापूरला येतो. नृसिंह सरस्वती त्याला राजा म्हणून हाक मारत नाहीत. जुन्या परटाच्या ओळखीनेच बोलावतात आणि विचारतात, इतके दिवस होतास कुठे? त्याला मागचा जन्म आठवतो. मग ते म्हणतात, फोड दाखव पाहू. तो बघतो तर फोड नाहीच.

आता मला दाखवा, या सगळ्यात 'तू हाव धरलीस म्हणून फोड झाला' हे वाक्य कुठे आहे? राजा भेटीला येतो तोही फाटक्या वस्त्रांत नव्हे, सगळ्या लवाजम्यासकट. आणि गुरू त्याच्यासोबत, त्याच्या पालखीतून, त्याच्या राजधानीत जातात. तिथे विचारतात ते इतकंच : झाली का इच्छा पूर्ण, की अजून काही उरलंय? आजाऱ्याला विचारण्यासारखा याहून मायेचा प्रश्न मी तरी ऐकलेला नाही. माझ्या अंगणात येणाऱ्यांपैकी एकानेही तो मला विचारलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पुढचं का लपवतोस? राजा शेवटी राज्य मुलाच्या हाती देऊन श्रीशैलाकडे गेलाच ना? गेला. पण भोगून झाल्यावर गेला, स्वतःहून गेला, आणि बरा झाल्यावर गेला. फोड ठणकत असताना त्याच्या हातून कुणी राज्य काढून घेतलं नाही. वैराग्य ही ज्याची त्याने करायची गोष्ट आहे. दुसऱ्याने लादलं की त्याला जप्ती म्हणतात. खात्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढा फरक मला कळतो.

पोथी बाजूला ठेवून इतिहास बघितला तर गोष्ट आणखी रंगते. पोथी या राजाला नाव देत नाही, पण अनेकजण तो अलाउद्दीन अहमदशहा बहमनी मानतात. राज्यकाळ १४३६ ते १४५८. याच्याच दरबारात महमूद गावान आला, ज्याने पुढे १४७२ मध्ये आपला गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडला आणि त्याच काळात बिदरला आपला प्रसिद्ध मदरसा उभारला. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात बसून फिरिश्त्याने बहमनींचा इतिहास लिहिला. त्यात हा अलाउद्दीन पायाच्या चिघळलेल्या दुखण्याने मेला असं आहे. म्हणजे पोथीत दुखणं बरं झालं आणि तवारिखेत त्याच वाटेने मरण आलं. खरं काय, यावर मी भांडणार नाही.

पण फिरिश्त्याने लिहिलेली दुसरी गोष्ट आपल्या उपदेशकांनी ऐकावी. हा अलाउद्दीन काही विरक्त नव्हता. गाणं, मद्य, जनानखाना, सगळ्याची आवड असलेला माणूस. आणि याच माणसाने बिदरला गोरगरिबांसाठी इस्पितळ बांधलं. औषधं आणि अन्न यांच्या खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलं. उपचाराला वैद्य नेमले आणि हकीमही नेमले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याला देहाचं सुख कळतं त्याला देहाचं दुखणंही कळतं. देह म्हणजे मातीच, असं ज्याचं ठाम मत आहे त्याला इस्पितळ बांधायचं कारणच काय?

बिदरजवळ अष्टूरला या बहमनींच्या कबरी आहेत. मी त्या पाहिल्या आहेत. अलाउद्दीनच्या कबरीवर रंगीत फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत, काळ्या दगडाच्या कोरीव कडा अजून रेखीव आहेत. मेल्यावरही या माणसाला रंग हवे होते. शेजारी त्याच्या मुलाची, हुमायूनची कबर वीज पडून दुभंगलेली उभी आहे. तिथेही लोक लगेच न्यायनिवाडा करतात : क्रूर होता, म्हणून देवाने वीज पाडली. वीज काय, फोड काय आणि तुंबलेली धमनी काय, आपल्याला प्रत्येक गोष्टीत निकालपत्र वाचायची खोड आहे.

याच जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण. हुमनाबादजवळ माणिकनगर आहे, माणिकप्रभूंचं ठिकाण. १८१७ चा जन्म, १८६५ मध्ये समाधी. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, म्हणजे माझ्याहून फार मोठे नव्हते. त्यांना दत्तावतार मानतात, सगळ्या मतांना सामावून घेणारा सकलमत संप्रदाय त्यांचा. मराठी, कन्नड, हिंदुस्तानी अशा भाषांत पदं रचली. आणि राहणी? गादी, दरबार, गवई, राजेशाही थाट. भक्त त्यांना राजयोगी म्हणतात. लंगोटी हीच अध्यात्माची एकमेव खूण असती तर दत्तसंप्रदायात माणिकनगर झालंच नसतं.

मग हा 'सोड, सोड'चा गजर येतो कुठून? मला वाटतं तो पोथीतून येत नाही, पगारपत्रकातून येतो. आपल्याकडे खाणमालकांना बायपास झाल्या नाहीत का? झाल्या. त्यांच्या दारातल्या गाड्यांकडे बघून कुणी म्हटलं, शेटजी, आता विका? उलट इस्पितळातून घरी यायला कुठली गाडी पाठवली याचं कौतुक झालं. गाणगापुरात भले भले लक्षाधीश दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागतात. प्रथाच आहे ती, आणि सुंदर प्रथा आहे. पण माधुकरी झाली की ते आपापल्या एसी गाडीत बसून परत येतात आणि त्यांच्या भक्तीला काही उणेपणा येत नाही. कारकुनाने मात्र साठ घोड्यांची जुनी गाडी ठेवली की ती लगेच वासना होते. परटाने राजाकडे बघितलं की हाव, आणि राजाने नदीत होड्या उडवल्या की वैभव! श्रीपाद श्रीवल्लभांनी हा भेद केला नव्हता. आपण करतो, आणि वर त्यांच्या नावाने करतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल हा बेफिकीर आहे. पथ्य वेगळं आणि प्रायश्चित्त वेगळं. बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध कापतात आणि तारांनी जोडतात. ते नीट सांधायला दोन-तीन महिने लागतात, आणि सुरुवातीचे किमान काही आठवडे गाडी चालवायची नसते. ते मी काटेकोर पाळणार. मीठ, तेल, साखर, चालणं, गोळ्या, सगळं डॉक्टर सांगतील तसं. पथ्य म्हणजे शरीराशी केलेला करार, त्याला मुदत असते, कारण असतं. प्रायश्चित्ताला गुन्हा लागतो. धमन्या तुंबायला तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घराण्यातून आलेला वारसा अशी कारणं असतात. उघड्या छपराची मोटार आवडणं हे त्या यादीत मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आणि समजा, मी टेबलावरून उठलोच नाही तर? हा प्रश्न लोक मनात ठेवतात, मी उघड बोलतो. तर माझ्या मागे एक जुनी गाडी राहील आणि काही पावसाळ्यांनंतरच्या स्वच्छ सकाळी राहतील, चोर्ला घाटातल्या, छप्पर उघडं टाकून काढलेल्या. गाडी मुलगा विकेल की ठेवेल, त्याचं तो बघेल. पण मी जायच्या आधीच ती इच्छा मनातून खरवडून काढावी, म्हणजे मी हलका होऊन जाईन, हे गणित माझ्या पोथीत नाही. माझ्या पोथीत उलटं आहे. हवं होतं, मिळालं, भोगलं, आता मागे काही ओढत नाही.

गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधराची घरची बोली कन्नड होती असं अभ्यासक मानतात, आणि ग्रंथ लिहिला मराठीत. घरी कोकणी बोलून मराठी पोथी वाचणाऱ्या आपल्याला तो परका वाटू नये. सीमेवरच्या माणसाने दोन्हीकडची माणसं एका गोष्टीत आणली : परीट आणि सुलतान, फोड आणि पालखी, कुरवपूर, बिदर आणि गाणगापूर. एवढ्या मोठ्या मनाच्या गोष्टीला आपण आजाऱ्याच्या उशाशी धरायची छडी करून ठेवलं आहे.

मार्गशीर्षात दत्तजयंती येईल, घरोघरी सप्ताह बसतील. यंदा नववा आणि पन्नासावा अध्याय वाचताना घाई करू नका. अर्थ लावायच्या आधी शब्द वाचा. आणि त्या आठवड्यात कुणा आजाऱ्याला भेटायला जाणार असाल तर त्याने काय सोडावं ते सांगू नका. अजून काही राहिलंय का, ते विचारा. आणि तो काही सांगू लागला, तर ते कितीही पोरकट वाटलं तरी ऐकून घ्या.