रंधा जुळवताना

सुतार रोजावर लावला, की घरमालकाला घड्याळ दिसू लागतं. सुतार रंध्याचं पातं दगडावर घासायला बसला, की मालक कुरकुरतात, ‘हे घरूनच करून यायला काय झालं होतं?’

अहो, कपाट सागवानी हवं ना तुम्हाला? सागवानात सिलिका असते. म्हणजे वाळूचंच भावंड. ती धार खाते. सकाळची धार संध्याकाळपर्यंत टिकायची कशी?

मग २५ ते ३० अंशांचा उतार दगडावर धरून घासायचं. पाठीला बारीक किनार बोटाला लागली, की पातं उलटं सपाट ठेवून ती काढायची. पाचर ठोकायची. एक डोळा मिटून तळाकडे पाहत, हातोडीच्या टिचक्यांनी पातं केसभर बाहेर आणायचं. याला म्हणे टंगळमंगळ! बोथट रंधा लाकडाच्या रेषा उपटतो. त्या लपवायला पॉलिश पेपरनं दोन दिवस घासाघीस होते, तिची मजुरी मात्र हे खुशीत देतात. हात हलताना दिसतो ना!

गवई तंबोरे जुळवत बसला, तर आपण माना डोलावतो. सुतार रंधा जुळवायला बसला, की अर्धा रोज कापायला निघतो. कान तयार झाले; डोळे कधी होणार?