एका लाडवानं काय होतं?

दिवाळीपासून नाताळापर्यंत अमेरिकेतल्या आपल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ असते, आणि हल्ली बऱ्याच घरांत कुत्राही असतो. त्याच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की गाडी फटाक्यांवर येऊन थांबते. मला मात्र जास्त भीती वाटते ती आपल्या आग्रहाची. पाहुण्यांतले निम्मे कुत्र्याला घाबरतात आणि उरलेल्यांना त्याला भरवल्याशिवाय चैन पडत नाही.

"कसा बघतोय बिचारा! द्या हो, एका लाडवानं काय होतं?" त्या रव्याच्या लाडवावर मधोमध एक बेदाणा दाबलेला असतो. चिवड्यात तर मूठभर असतात, वर तळलेला कांदा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले म्हणजे धोका, याचा हिशेब मांडता येत नाही. एक कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोडक्यातच आडवा होतो. त्यामुळे 'आमच्या मोत्यानं खाल्ले होते, काही झालं नाही' हा पुरावा होत नाही. 2021 मध्ये इथल्या विषबाधातज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे भेळेची चटणीही संशयितच. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं दिसायला कधीकधी काही दिवस जातात. तोवर फराळ कोणाच्या लक्षात असतो? मधुमेही काकांसाठी आणलेल्या शुगरफ्री गोडात झायलिटॉल असलं, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते. चॉकलेट आणि टर्कीची शिजलेली हाडं नकोत, हे इथे वाढलेली मुलं आपल्याला ऐकवतात. बेदाण्याचं आपणच त्यांना सांगायला हवं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाहुणे यायच्या आधी कुत्रा वरच्या खोलीत, दार बंद, सोबत पाणी, त्याचं अंथरूण आणि चघळायला काहीतरी. "घरचाच ना तो, मग कोंडायचं कशाला?" असं विचारणारे भेटतात. पण वीस अनोळखी माणसं, गाणी, मिक्सर आणि बरोबर त्याच्या नाकाच्या उंचीवर चकली धरून फिरणारं दोन वर्षांचं पोर, यात त्याला कसला आनंद? त्याला त्या खोलीची सवय आधीपासून लावली, तर ती शिक्षा वाटत नाही.

दुसरं म्हणजे दार. आपण चपला-बूट दारातच काढतो. एकेकाचा बूट निघेपर्यंत दार सताड उघडं, आणि नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो. पळालेला कुत्रा सापडला तरी त्याच्या मायक्रोचिपच्या रजिस्ट्रीतला फोन नंबर जुन्या राज्यातला निघाला, तर फोन करणार कोणाला? घर बदललं की तिथला नंबर बदलायचं काम राहूनच जातं. ते आजच करा.

आणि खाल्लंच काही, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा घरगुती उपाय नको. त्या मिठानंच कुत्रा दगावू शकतो. किती आणि कधी खाल्लं ते लिहून घ्या, उरलेलं पाकीट हाताशी ठेवा आणि लगेच फोन लावा. एएसपीसीएचं प्राणी-विषबाधा केंद्र चोवीस तास चालू असतं, दिवाळीलाही आणि नाताळलाही: 888-426-4435. फी पडू शकते. ती लक्षणं दिसायची वाट बघण्यापेक्षा स्वस्त पडते.