खोटी सिमलिंक नको

एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आली. तिच्यात ओपनएसएसएल ३.० होती आणि १.१ काढून टाकलेली होती. तेव्हापासून १.१ साठी बांधलेला जुना प्रोग्रॅम चालवायला गेलं की टर्मिनलवर हमखास तक्रार येते: ‘लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१’ उघडता येत नाही, अशी फाइलच नाही. यावर तोंडोतोंडी फिरणारा उपाय म्हणजे नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक करून द्यायची. चांगले अनुभवी लोकही नव्या मुलांना हे शिकवतात, म्हणून आज कळकळीने सांगतो: हे करू नका.

फाइलच्या नावाशेवटचा आकडा शोभेचा नसतो. प्रोग्रॅम तयार होतानाच लिंकर ते पूर्ण नाव त्याच्या आत नोंदवून ठेवतो. लायब्ररीच्या फंक्शनांत किंवा स्ट्रक्चरच्या मांडणीत जुन्या प्रोग्रॅमला न मानवणारा बदल झाला, की लेखकांनी आकडा वाढवायचा, असा संकेत आहे. तोच आकडा आपण खोटा पाडायचा म्हणजे दुसऱ्याच्या दारावर आपल्या ओळखीच्या माणसाची पाटी लावण्यासारखं आहे.

ओपनएसएसएलच्या बाबतीत लबाडी लगेच उघडी पडते. आतल्या फंक्शनांवरही आवृत्तीची खूण असते, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर पुन्हा अडतो आणि ‘ओपनएसएसएल १.१.०’ ही खूण सापडली नाही म्हणतो. लिबजेपेगच्या लेखकांनी तर तपासणी कोडमध्येच घातली आहे. ६२ क्रमांकाच्या लायब्ररीसाठी बांधलेल्या प्रोग्रॅमला ८ क्रमांकाची दिली, तर ती सरळ सांगते की लायब्ररी ८० आहे, मागणारा ६२ मागतो आहे, आणि काम थांबवते. मला भीती वाटते ती असली कुठलीच तपासणी नसलेल्या लायब्रऱ्यांची. तिथे प्रोग्रॅम सुरू होतो, चुकीच्या जागेवरचे बाइट वाचतो, आणि बिघडलेला डेटा महिन्याभराने कुणाच्या तरी हाती लागतो.

मग करायचं काय? आधी ‘एलडीडी’ चालवा. कुठली लायब्ररी मिळाली, कुठली नाही, हे ओळीओळीने दिसतं. फाइल अनोळखी ठिकाणाहून आलेली असेल तर मात्र एलडीडी टाळा, कारण ती चालवताना त्या फाइलमधला कोड चालू शकतो. त्याऐवजी ‘रीडएल्फ’ला ‘उणे डी’ देऊन ‘नीडेड’च्या ओळी वाचा. पुष्कळदा लायब्ररी मशीनवर असतेच. आपण स्वतः कंपाइल करून ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’च्या ‘लिब’ फोल्डरात टाकलेली असते आणि लोडरच्या कॅशला तिचा पत्ता नसतो. उबुंटूत तेवढ्यासाठी ‘एलडीकॉन्फिग’ पुरतं. फेडोरात ते फोल्डर आधी लोडरच्या शोधयादीत घालावं लागतं. आणि प्रोग्रॅमची फाइल डोळ्यांसमोर असताना शेल ‘अशी फाइल नाही’ म्हणत असेल, तर बहुधा प्रोग्रॅम ३२ बिटांचा असतो आणि त्याला लागणारा ३२ बिटांचा लोडरच बसवलेला नसतो.

जुनी लायब्ररी खरोखरच नसेल, तर नव्या आवृत्तीसाठी बांधलेला प्रोग्रॅम मिळवा किंवा स्वतः पुन्हा बांधा. जुनं पॅकेज शोधून साऱ्या सिस्टिमवर बसवणं मला पटत नाही. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं ‘हार्टब्लीड’ हे सुरक्षेचं भगदाड उघडकीस आलं, तेव्हा डिस्ट्रोंनी दुरुस्त केलेली एक लायब्ररी पाठवली, सर्व्हिसेस रीस्टार्ट झाल्या आणि तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम सावरले. स्टॅटिक लिंक केलेले प्रोग्रॅम मात्र एकेक करून पुन्हा बांधावे लागले. शेअर्ड लायब्ररीचा खरा फायदा हा आहे, आणि दुरुस्ती थांबलेली प्रत सिस्टिमवर बसवली की तो हातचा जातो.

अगदीच इलाज नसेल, विक्रेत्याने कंपनी बंद केली असेल, सोर्स मिळत नसेल, तर जुनी लायब्ररी त्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवा आणि तो सुरू करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्येच ‘एलडी लायब्ररी पाथ’ द्या. नेटवर्कशी बोलणारा प्रोग्रॅम असेल तर तोही शक्य तितका आत, फायरवॉलमागे ठेवा. ‘एलडी लायब्ररी पाथ’ची तीच ओळ ‘बॅशआरसी’मध्ये टाकली, तर त्या शेलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी त्याच फोल्डरात शोधू लागेल आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसेल.