चिमणी बसली, पण धूर गेला कुठे?

फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण ठरले की खर्चाच्या यादीत ट्रॉल्या, ग्रॅनाइटचा ओटा आणि टाइल्स यांच्या पाठोपाठ चिमणीचे नाव येते. दुकानात गेल्यावर विक्रेत्याचा पहिला प्रश्न असतो, ‘भिंतीला भोक पाडता येईल का?’ उत्तर बहुधा अडखळतच येते. ओट्यामागची भिंत शेजाऱ्यांच्या घराला लागून असते, बाहेरच्या भिंतीला सोसायटी हात लावू देत नाही, नाहीतर घर भाड्याचे असते आणि मालक राजी नसतो. मग विक्रेता तोडगा सुचवतो, ‘डक्टलेस घ्या. पाइप नाही, तोडफोड नाही. भिंतीवर टांगायची आणि प्लग लावायचा.’

तोडगा सोयीचा आहे, यात शंका नाही. फक्त त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. पाइप नाही, म्हणजे हवा घराबाहेर जात नाही. बिनपाइपची चिमणी ओट्यावरची हवा ओढते, गाळते आणि त्याच स्वयंपाकघरात परत सोडते. त्यामुळे अशा चिमणीची सगळी उपयुक्तता एका प्रश्नावर येऊन ठेपते : तिच्या जाळीत काय अडकते आणि काय सुटून जाते? हजारो रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला या प्रश्नाचे उत्तर दुकानात क्वचितच मिळते.

कढईतला धूर, ज्योतीचा वायू

स्वयंपाकघरातल्या प्रदूषणाचे दोन उगम असतात. एक कढई आणि दुसरी तिच्याखालची ज्योत. तेल तापले, मोहरी तडतडली, मिरची-लसूण पडले, की तेलाचे थेंब, वाफ, वासाची रसायने आणि अतिसूक्ष्म कण एकदमच वर उसळतात. मोठे थेंब टाइल्सवर, डब्यांच्या झाकणांवर चिकट थर धरतात, म्हणून ते लक्षात येतात. लक्षात येत नाहीत ते ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. नाकात-घशात न अडकता ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांसाठी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ही २४ तासांची मर्यादा सुचवली. भारताचे मानक ६० मायक्रोग्रॅमचे आहे. बंद स्वयंपाकघरात तळण चालू असताना ही पातळी काही काळ याच्या अनेक पट वर जाऊ शकते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला आहे. चीन आणि तैवानमधल्या, धूम्रपान न करणाऱ्या महिलांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरचे अभ्यास त्यात विचारात घेतले गेले होते. तिथली तेले आणि परतण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून ते निष्कर्ष जसेच्या तसे मराठी स्वयंपाकघराला चिकटवता येत नाहीत. पण रोज तास-दोन तास ओट्याशी उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या श्वासाकडे दुर्लक्ष करू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरा उगम ज्योतीचा. निळी, स्वच्छ दिसणारी ज्योतही रिकाम्या हाताने जळत नाही. एलपीजी म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळाला की रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे २२ लिटर पाणी तयार होते. गॅसपेक्षा वजन जास्त भरते, कारण जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. म्हणजे महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घरात मोठी बादलीभर पाणी नुसत्या ज्योतीतून हवेत जाते. वरण-भाताची वाफ वेगळीच. शिवाय ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग होऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू श्वासनलिकेला त्रास देतो. गॅसवरचा स्वयंपाक आणि लहान मुलांमधला दमा यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, काहींत तो तितका स्पष्ट नाही. बर्नर घाण असला किंवा हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइडचीही भर पडते.

जाळीत अडकते ते आणि सुटते ते

आता ही हवा डक्टलेस चिमणीत शिरते. पहिला अडथळा धातूच्या जाळीचा किंवा ‘बॅफल’ फिल्टरचा. बॅफलमध्ये वाकड्या पट्ट्या असतात. हवा वळणे घेत पुढे जाते, तेलाचे जड थेंब मात्र वळू न शकल्याने पट्ट्यांवर आपटतात आणि खाली ओघळतात. हे काम तो चांगले करतो. पुढचा अडथळा सक्रिय कोळशाचा, म्हणजे ‘चारकोल’ फिल्टरचा. असा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही बनवतात. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. वासाचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून बसतात. त्यामुळे सुके बोंबील भाजल्याचा किंवा मसाला परतल्याचा वास बराच कमी होतो.

पण कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड या कोळशातून सरळ निघून जातात. नायट्रोजन डायऑक्साइड काही प्रमाणात अडकला, तरी त्यावर विसंबता येत नाही. अतिसूक्ष्म कणांचा मोठा भाग सुटतो, कारण हा फिल्टर त्यांच्यासाठी बनवलेलाच नसतो. ती २२ लिटर वाफ आणि उष्णता तर घरातच राहते. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, असा समज होतो, तो इथेच फसवा ठरतो. कार्बन मोनॉक्साइडला मुळात वासच नसतो.

म्हणून डक्टलेस चिमणीकडे तेल आणि वास कमी करणारे उपकरण म्हणूनच पाहिले पाहिजे. हवा बदलण्याचे काम ती करत नाही. गॅसवर रोजचा स्वयंपाक होणाऱ्या, खिडकी नसलेल्या किंवा कायम बंद असणाऱ्या स्वयंपाकघरात तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवणे चुकीचे आहे. अशा घरात चिमणीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात येणारा, खिडकीत बसवलेला साधा एक्झॉस्ट फॅन आरोग्याच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. तो दिसायला देखणा नाही, टाइल्सवरचा तेलकटपणाही तो पुरता रोखत नाही. पण हवा बाहेर टाकतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो : पूर्वी चुलीवर स्वयंपाक होत होता, तेव्हा कुठे चिमण्या होत्या? त्या घरांत धुराला वाट ठेवलेली असे. कौलारू घरात तो कौलांच्या फटींतून जाई, धाब्याच्या घरात छताला साणे असे. तरीही चुलीच्या धुराने पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांचे डोळे आणि छाती खराब केलीच. घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगात अंदाजे ३२ लाख मृत्यू झाले, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामागे मुख्यतः लाकूड, शेणी, कोळसा आणि रॉकेल ही इंधने आहेत. त्या मानाने गॅस कितीतरी स्वच्छ आहे आणि चिमणीची चर्चा ऐकून कोणी गॅसला घाबरण्याचे कारण नाही. मात्र इंधन सुधारले, तसे घर अधिक बंदिस्त झाले. सरकत्या काचा लागल्या, ड्राय बाल्कनी झाकली गेली, स्वयंपाकघर थेट दिवाणखान्यात उघडू लागले.

घ्यायचीच असेल तर

काही घरांत डक्टलेसला पर्याय नसतो, हेही खरे. त्याआधी एक वाट तपासून पाहावी. खिडकीची वरची एक काच काढून तिथे ॲक्रिलिकचा किंवा पत्र्याचा तुकडा बसवता येतो आणि त्यातून पाइप बाहेर काढता येतो. भिंतीला धक्का लागत नाही आणि भाड्याचे घर सोडताना काच पुन्हा बसवता येते. तेही शक्य नसेल, तर पाइप लावून आणि न लावता अशा दोन्ही प्रकारे चालणारे मॉडेल घ्यावे. उद्या घर बदलले, तर चिमणी वाया जात नाही.

खोक्यावर ठळक छापलेल्या ‘घनमीटर प्रति तास’ या आकड्याला भुलू नये. तो पंख्याची कमाल क्षमता सांगतो. कोळशाचा फिल्टर लावल्यावर हवेला अडथळा होऊन प्रत्यक्ष ओढ कमी होते. शिवाय तीच हवा घरात फिरत असेल, तर तासाला हजार घनमीटर फिरली काय आणि बाराशे फिरली काय, खोलीतला वायू तिथेच राहतो. त्यापेक्षा चिमणीची रुंदी शेगडीइतकी तरी आहे ना, हे पाहावे. दोन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटर पुरते, तीन-चार बर्नरला ९० बरी. चारकोल फिल्टरची किंमत आणि तो सुटा मिळतो का, हे खरेदीआधीच विचारावे. तो बहुतेक मॉडेलांत धुता येत नाही आणि वापरानुसार तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो. ‘ऑटो क्लीन’ची सोय तेलासाठी असते, कोळशाला तिचा उपयोग नाही. फिल्टर बदलला नाही, तर डक्टलेस चिमणी ही केवळ आवाज करणारा दिवा उरते.

बसवताना शेगडी आणि चिमणी यांत साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर अंतिम मानावे. जास्त उंचावर धूर बाजूने निसटतो, फार खाली तेलकट जाळीला आगीचा धोका असतो. सर्वांत जास्त चूक होते ती सुताराच्या हातून. चिमणी कपाटात झाकली जाते आणि हवा परत सोडण्याच्या झडपाही शटरच्या आत जातात. मग दमट, गरम हवा प्लायवूडमध्ये कोंडून ते फुगते. काही घरांत पाइप लावलेला असतो, पण त्याचे दुसरे टोक माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये सोडून दिलेले असते. याला डक्टची चिमणी म्हणता येणार नाही. पाइप गॅस असलेल्या घरात हवेसाठी ठेवलेली जाळी चिमणीच्या सजावटीसाठी बुजवली जाते, हे तर धोक्याचेच.

वापराचेही काही नियम आहेत. गॅस पेटवण्याआधी चिमणी सुरू करावी आणि स्वयंपाक संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी. छताचा पंखा बंद असावा, नाहीतर धूर चिमणीच्या तोंडापासून भरकटतो. मागच्या बर्नरवरचा धूर पुढच्यापेक्षा चांगला ओढला जातो, असे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या चाचण्यांत दिसले आहे. म्हणून तळण आणि फोडणी मागे, कुकर पुढे. डक्टलेस असेल तर खिडकी उघडी हवीच. आणि बॅफल फिल्टर तेल ठिबकण्याची वाट न पाहता पंधरवड्याला गरम पाण्याने धुवावा. इंडक्शनवर स्वयंपाक करणाऱ्या घरात ज्योतच नसल्याने डक्टलेसची उणीव बरीच कमी होते. तेलाचा धूर मात्र तिथेही असतोच.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही

ग्राहकाने एवढे सगळे सांभाळावे, ही अपेक्षा एकतर्फी आहे. वातानुकूलन यंत्राच्या पाइपसाठी बिल्डर भिंतीत जागा ठेवतो, मग ओट्याजवळच्या बाहेरील भिंतीत चिमणीसाठी सहा इंचांचे झाकणदार भोक ठेवायला त्याला काय अडचण असते? ‘मिवान’ पद्धतीने बांधलेल्या नव्या इमारतींत भिंतीही काँक्रीटच्याच असतात. तिथे नंतर भोक पाडणे हा इमारतीच्या मजबुतीचा प्रश्न होतो. म्हणून ही सोय नकाशातच हवी. सोसायट्यांनीही सरसकट नकार देण्याऐवजी नियम ठरवून द्यावा : खांब-तुळईला हात न लावता, अमुक जागी, अमुक मापाचे भोक. बाहेरच्या भिंतीवर तेलाचे ओघळ नकोत, शेजाऱ्याच्या खिडकीत सुकटीचा वास नको, या तक्रारी रास्त आहेत. पाइपचे तोंड कुठे काढायचे, हे ठरवून त्या सुटतात. धूर घरातच कोंडून सुटत नाहीत.

विक्रेत्यांकडून अपेक्षा याहून साधी आहे. डक्टलेस चिमणीच्या खोक्यावर, आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत एक ओळ छापावी : ‘हे उपकरण हवा घराबाहेर टाकत नाही, वापरताना खिडकी उघडी ठेवा.’ ही ओळ वाचूनही ज्याला ती घ्यायची असेल, त्याने जरूर घ्यावी. घरात दमेकरी आजी किंवा लहान मूल असेल, तर या एका ओळीने त्या घराचा निर्णय बदलू शकतो. तोवर ग्राहकाने पैसे देण्याआधी एवढेच विचारावे, ‘यातून हवा बाहेर कुठून जाते?’