नैराश्याची गोळी बंद करण्याआधी एक फोन करा

"डॉक्टर, त्या गोळ्या चार दिवस घेतल्या. मळमळायला लागलं, डोकं जड झालं, म्हणून बंद केल्या."

नैराश्यावर औषध सुरू केलेला पेशंट दोन महिन्यांनी जास्तच खचून परत येतो, तेव्हा हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. "तेव्हाच का नाही सांगितलंत?" असं विचारलं की उत्तर येतं, "असं होतं हे आम्हाला कुठे माहीत होतं?"

माझं स्पष्ट मत आहे की यात पहिली चूक आम्हा डॉक्टरांची आहे. साइड इफेक्ट सांगितले तर पेशंट घाबरेल आणि गोळी घेणारच नाही, असं आम्हाला वाटतं. प्रत्यक्षात न सांगितल्यामुळेच गोळी सुटते. म्हणून आज सगळं सांगतो.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नेहमी दिली जाणारी औषधं सिरोटोनिनवर काम करतात. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. म्हणूनच सुरुवातीला मळमळ, पातळ शौचास होणं असे पोटाचे त्रास होतात. डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोप कमी किंवा जास्त होणं हेही दिसतं. यातलं बरंचसं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. गुण मात्र साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर! हे माहीत नसेल तर चौथ्या दिवशी कुणीही गोळी फेकून देईल. गोळी जेवणानंतर घेणं, कमी डोसने सुरुवात करणं, वेळ बदलणं एवढ्यानेही फरक पडतो.

काही त्रास आपोआप जात नाहीत. लैंगिक इच्छा कमी होणं, कामपूर्तीला उशीर लागणं हा त्यातला सर्वांत न बोलला जाणारा त्रास. तो स्त्रियांनाही होतो. पेशंट लाजतो, डॉक्टर विचारत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. कृपया लाजू नका. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. वजन वाढत असेल तरीही हेच लागू.

काही लक्षणांसाठी मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर आत्महत्येचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी लक्ष ठेवावं. झोप न लागताही अचानक प्रचंड उत्साह आणि बडबड वाढणं, वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखं होणं (रक्तातलं सोडियम कमी झालेलं असू शकतं), काळी शौचास होणं, हीही धोक्याची लक्षणं. अंगदुखीची गोळी किंवा ॲस्पिरिन घेत असाल तर आधीच सांगा, कारण दोन्हींनी मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

"सवय लागेल का?" हा प्रश्न ठरलेला. दारूची लागते तशी तलफ या गोळ्यांची लागत नाही. पण बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली, तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. म्हणून ती हळूहळू कमी करायची. सोबत थोडे दिवस झोपेसाठी क्लोनाझेपाम दिलेली असेल, तर सवय लागते ती त्या गोळीची. कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

सौम्य नैराश्यात अनेकदा समुपदेशनानेच भागतं, गोळी लागत नाही. पण ती लागली, तर त्रासाला घाबरून एकट्याने निर्णय घेऊ नका. डॉक्टर भेटत नसतील आणि मन फार खचलं असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो.

आणि तुमचा डॉक्टर साइड इफेक्टबद्दल बोलला नाही, तर तुम्हीच विचारा. तो वैतागला तरी विचारा.