आधी अंदाजपत्रक, मग घर पाडा
आखातात दिवसभर आपण दुसऱ्याच्या टॉवरची सळई मोजून घेतो, आणि गावच्या घराचे पैसे एका फोनवर पाठवतो! ठेकेदार म्हणतो, "चौरस फुटाचा रेट ठरला ना, बस." अरे, पण त्यात धरलंय काय? जोत्याची भरणी, संडासाची टाकी, वायरिंग, सगळं नंतर "एक्स्ट्रा" निघतं. तोवर जुनं घर पाडलेलं, आईवडील भाड्याच्या खोलीत. मग आपण मुकाट कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवतो. डिप्लोमा असून मीही वाढवलं. कामांची यादी आणि रेट सहीनिशी घ्या. वाळूचा ब्रास 100 घनफुटांचा. गाडीला टेप लावा. जोतं, स्लॅब, गिलावा असे टप्प्याने पैसे सोडा, तेही घरच्या माणसाने माप घेतल्यावर, नुसत्या फोटोवर नको. ठेकेदार रागावेल? रागावू दे. एका खाड्याचे पैसे कापताना इथली कंपनी लाजते का?