‘सहज निघालो’ म्हणता आलं पाहिजे



कासुर्डीसारख्या गावात हायवेच्या कडेला पाच महिन्यांचं बाळ घेऊन एखादं तरुण जोडपं गाडीची वाट बघत उभं असलं, की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, “काय, दवाखान्यात का?” दवाखाना नाही म्हटलं तर दुसरा प्रश्न, “मग माहेरी?” तेही नाही म्हटलं तर, “कुणाचं लग्न?” आणि या तिन्हींपैकी काहीच नसेल, “सहज चाललोय पुण्याला, बागेत बसू, येऊ संध्याकाळी” असं उत्तर आलं, तर विचारणारा क्षणभर गप्प होतो. मग म्हणतो, “एवढ्याशा जिवाला घेऊन?”

मला या “एवढ्याशा जिवाला घेऊन” बद्दल बोलायचं आहे. माझं मत सरळ आहे. बाळंतिणीला आणि तिच्या नवऱ्याला बाळासकट, काही खास कारण नसताना, अधूनमधून बाहेर पडता आलं पाहिजे. ही चैन नाही. आईचं मन, बापाचं बापपण आणि बाळाची भाषा, तिन्हींसाठी ते गरजेचं आहे.

हरकत बाळाची की कारणाची?

आधी सव्वा महिन्याबद्दल. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये हा रिवाज मला चुकीचा वाटत नाही. तिच्या अंगातली ताकद गेलेली असते, बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं, झोप नसते. शेक-शेगडी, अंग रगडणं, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर यांमागे विश्रांतीचाच विचार आहे. शिवाय सहाव्या आठवड्याला बाळाच्या लसीकरणाचा पुढचा टप्पा सुरू होतो, मग दहावा आणि चौदावा आठवडा. गोवराची लस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तेव्हा लहान बाळाला गर्दीपासून, खोकणाऱ्या माणसापासून जपायलाच हवं. यात वाद नाही.

पण आपण खरोखर गर्दीपासून जपतो का? तीन महिन्यांचं बाळ आपण मांडवात नेतो. तिथे डीजे छातीत धडधडतो, पाचपन्नास बायका बाळाच्या गालाला हात लावतात, कुणी पापी घेतं. जावळ काढायला जेजुरीला नेतो, तिथे भंडाऱ्याने बाळाचे डोळे पिवळे होतात. तेव्हा कुणी म्हणत नाही, “एवढ्याशा जिवाला कशाला?” आणि झाडाखाली चटई टाकून दोन तास बसायचं म्हटलं, की मात्र वारं लागतं, नजर लागते, बाधा होते.

म्हणजे आपली हरकत बाळाच्या तब्येतीपुरती नाही. आपली हरकत कारण नसण्याला आहे. बाईने घराबाहेर पडायचं तर दवाखाना, देव, लग्न किंवा माहेर, यापैकी एक कारण पदरात हवं. नुसतं ‘बरं वाटावं म्हणून’ हे कारण आपल्या यादीत नाही. पुरुषाच्या बाबतीत मात्र चौकात जाऊन बसायला कारण लागत नाही.

आईच्या मनाचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आकडा सांगते. विकसनशील देशांत बाळंतपणानंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, जाणवतं. म्हणजे जवळजवळ पाचातली एक. आपल्या गावात दर वर्षी ज्या बाळंतिणी होतात त्यांतल्या पाचातली एक. आपण तिला काय म्हणतो? “हल्लीच्या पोरींना सहन होत नाही.” “आम्ही नाही का चार-चार काढली?” ती उगाच रडते, तिला भूक नसते, बाळ रडलं तरी ती भिंतीकडे बघत बसते, आणि आपण म्हणतो, “बाहेरचं काहीतरी झालंय.”

बागेत नेऊन नैराश्य बरं होतं असं मी म्हणत नाही. तशी लक्षणं दिसली तर डॉक्टरच हवेत, आशाताईंना सांगायला हवं. पण महिनोन्‌महिने चार भिंती, तीच धुणी, तीच झोपमोड, आणि बोलायला आपल्या वयाचं कुणी नाही, हे कुणाचंही मन खचवणारं आहे. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. बाप पंधरा दिवसांनी पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो, बाळाला दोन मिनिटं हातात धरतो, रडलं की “घ्या हो याला” म्हणून परत देतो. चार-पाच महिन्यांनी बायको-बाळ सासरी येतात तेव्हा तो स्वतःच्या लेकराला जवळजवळ अनोळखी असतो.

अशा बापाला बाळाची ओळख कशी होणार? घरात तर दोन आज्या, आत्या, काकी असतात. त्याच्यापर्यंत पाळी येतच नाही. पण तिघंच बाहेर पडले, की लंगोट त्यालाच बदलावा लागतो. पिशवीत दुपटं कुठे आहे, टोपडं कुठे आहे, हे त्यालाच शोधावं लागतं. बाळ कोणत्या रडण्याने भूक सांगतं आणि कोणत्या रडण्याने झोप, हे त्याला एका दुपारीत जेवढं कळेल तेवढं घरात महिनाभरातही कळणार नाही.

रजेचाही प्रश्न आहेच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला, गुऱ्हाळावर काम करणाऱ्याला किंवा स्वतःच्या उसाला पाणी धरणाऱ्याला कसली रजा? त्याच्याकडे असतो आठवड्याचा एक सुट्टीचा दिवस, तोही लाइट कधी येईल त्यावर अवलंबून. म्हणूनच मी ‘सहज’ या शब्दावर जोर देते. महिनाभर आधी ठरवलेली सहल या लोकांना जमत नाही. सकाळी कळलं की आज मोकळं आहे, तर दहा वाजता निघता आलं पाहिजे.

आणि बाळ काय शिकतं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. आपण शिक्षक हे वाक्य प्रशिक्षणात ऐकतो आणि पहिलीच्या वर्गाचा विचार करतो. पण सहा वर्षांची सुरुवात पाळण्यापासून होते.

सहा महिन्यांचं बाळ एसटीच्या खिडकीतून काय बघतं? उसाचे ट्रॅक्टर, हलणारी झाडं, उरुळीच्या बाजारातली माणसं, कंडक्टरची टिकटिक. प्रत्येक गोष्टीला आई किंवा बाप नाव देतो, “ते बघ, गाई! किती मोठ्ठा ट्रक!” बाळ हुंकार देतं, आई त्या हुंकाराला उत्तर देते. भाषेचा पहिला धडा हाच. पुढे आपल्या वर्गात चित्रवर्णन करताना जे मूल भराभरा बोलतं, त्याच्याशी लहानपणी कुणीतरी असं बोललेलं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी अंगणात आणि कुरणात नेली, कारण मूल जिथे आहे तिथलं जग हीच त्याची शाळा, हे त्यांना कळलं होतं. अट एकच, मोबाइल खिशात राहिला पाहिजे. बाळाच्या हातात मोबाइल दिला तर पुणं काय आणि पडवी काय, सारखंच.

जायचं कसं?

आता व्यवहाराचं बोलू. कासुर्डीहून पुणं चाळीसच्या आतबाहेर किलोमीटर. मनात आलं की गाडीला किक मारायची ही आपली सवय. पण इथे मी ठाम नाही म्हणेन. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. सोलापूर रोडवर मागून ट्रेलर येत असताना चाळीसने कोण चालवणार? आणि नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या डोक्याला हेल्मेटही नाही. पदरात गुंडाळलं म्हणजे बाळ सुरक्षित झालं, असं होत नाही.

दुसरे रस्ते आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, बाळाला तिकीट नाही. यवत किंवा उरुळीला जाऊन दौंड-पुणे लोकल पकडली तर त्याहून स्वस्त, आणि बाळ दचकत नाही. पुणे स्टेशनला उतरून मेट्रोने संभाजी उद्यानापर्यंत जाता येतं, स्टेशनांवर लिफ्ट आहे. एसटीने स्वारगेटला उतरलात तर सारसबाग जवळ आहे. सुट्टीची संध्याकाळ टाळा, सकाळ गाठा. दोन-तीन तास बसा, भेळ खा, उन्हं चढायच्या आत परतीला लागा. उन्हाळ्यात तर घरीच बरं. आणि सहज निघायचं तर पिशवी आधीच भरलेली हवी. चार लंगोट, दोन झबली, दुपटं, कुंची, प्लास्टिकची पिशवी, आईसाठी पाण्याची बाटली. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला पाणीही नको, आईचं दूध पुरतं. ही पिशवी खुंटीला कायम भरलेली ठेवणं हे बापाचं काम असावं.

दरवाजा कुणी बंद केला?

खरी अडचण यापुढे येते. बाळाला भूक लागली, आता पाजायचं कुठे?

हिरकणीची गोष्ट आपण चौथीपासून सांगतो. कोजागिरीला रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हं बाळ म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो आणि थांबतो. वर्गात मी मुलांना पुढचा प्रश्न विचारते, तिला कडा का उतरावा लागला? मुलं बरोबर सांगतात, “बाई, दरवाजा बंद होता म्हणून.”

आज एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना हिरकणी कक्ष हेच नाव आहे. नाव सुंदर आहे. पण खोलीला कुलूप असेल, किल्ली कुणाकडे ते ठाऊक नसेल, आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील, तर आईच्या दृष्टीने गडाचा दरवाजा बंदच. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, त्यानंतर विधानभवनात हिरकणी कक्षाची सोय झाली. पुढच्या अधिवेशनात मुंबईला त्यांनाच त्या कक्षातल्या धुळीची तक्रार करावी लागली. आमदारबाईंची ही गत, तर कासुर्डीच्या सुनेचं कोण ऐकणार?

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की सार्वजनिक जागी बाळाला पाजण्याची आणि सांभाळण्याची सोय करा, नव्या इमारतींच्या आराखड्यातच त्यासाठी जागा ठेवा. सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजणं ही लाजेची गोष्ट मानू नये, हेही न्यायालयाने नोंदवलं. पण हे कागदावरून स्थानकावर येण्यासाठी विचारणारा माणूस हवा. आणि माझ्या मते हा विचारणारा बाप असावा. खिडकीशी जाऊन, “साहेब, हिरकणी कक्षाची किल्ली द्या” असं दहा बापांनी दहा दिवस विचारलं, तर अकराव्या दिवशी ती खोली उघडी असेल.

सासूबाईंसाठी दोन शब्द

घरातल्या मोठ्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांना स्वतःला कधी सहज निघता आलं नाही. त्यांच्या बाळंतपणात सव्वा महिना झाला की थेट शेत, झोळी झाडाला आणि हातात खुरपं. “आम्हाला कुणी नेलं?” या प्रश्नात राग कमी आणि दुखणं जास्त आहे. तेव्हा एखाद्या वेळी आजीलाही सोबत न्या. सारसबागेत नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आजी पुढच्या वेळी स्वतःच विचारील, “पुन्हा कधी जायचं?”

आणि वर्षातून एकदा आपणच याचा धडा बघतो. आषाढाच्या आधी तुकोबांची पालखी आपल्याच रस्त्याने जाते, यवतला पिठलं-भाकरीची पंगत बसते. त्या वाटेवर लेकुरवाळ्या बायाही दिसतात. त्यांना कुणी “एवढ्याशा जिवाला घेऊन?” म्हणत नाही. उलट लोक सावली देतात, पाणी देतात, बसायला जागा करतात. म्हणजे जमतं आपल्याला. वारीत जे करतो ते एरवी करायचं आहे.

शिक्षक म्हणून आपण काय करू शकतो? पालकसभेत बाळ घेऊन आलेल्या आईला पंखा असलेल्या खोलीत बसवा. बापाला मुद्दाम विचारा, “या आठवड्यात बाळाला घेऊन कुठे गेलात?” अंगणवाडीताईंशी बोलून, पहिलटकरणींच्या घरी गेल्यावर लसीसोबत आईच्या मनाचीही चौकशी करा. आणि रस्त्यात बाळ घेतलेलं जोडपं भेटलं, तर “दवाखान्यात का?” ऐवजी एवढंच म्हणा, “छान! जाऊन या.”

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? जवळच्या स्थानकावरचा हिरकणी कक्ष उघडा असतो का? एकदा जाऊन बघा आणि जरूर कळवा.